दुसरी कुबडी

नेकनूरच्या बाजारात तो लंगडा मला दर आठवड्याला दिसायचा. बाभळीची एकच कुबडी बगलेत धरून अख्खा बाजार पालथा घालायचा. दुसरी खांद्यावर. तिनं कुत्री हाकायचा, पाठ खाजवायचा, चिंचा पाडायचा.

निजामाच्या तहसीलदाराचा टांगा आला, की आम्ही धडधाकट माणसं कमरेत वाकून सलाम ठोकायचो. हा मात्र झटकन दुसरी कुबडीही बगलेत घ्यायचा.

एकदा शिपाई खेकसला, "सलाम कर बे!"

"हात गुतलेत, जमादार. सोडले तर सायबाच्या अंगावरच पडन."

साहेबांनी घाईनं टांगा पुढं काढायला लावला.

मी विचारलं, "एकीवर भागतंय, तर दुसरी कावून बाळगता?"

"चालायला एक पुरती," तो म्हणाला. "ताठ उभं ऱ्हायला दोन लागत्यात."