खोलीचा आवाज

भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. माझ्या डोक्यावर चौदा वर्षं देवीची जट होती, म्हणून लोकांना वाटायचं की ही बाई कशावरही विश्वास ठेवणार. तसं नाही. देवीची भीती वेगळी आणि भुताची वेगळी. उसाच्या फडात, ओढ्याकडेला मी एकटीनं कामं केली आहेत. पाला हलला तर ससा असेल नाहीतर कुत्रं, एवढंच मनात यायचं.

तरीपण गेल्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या घरात जे झालं, ते मला अजून उलगडलेलं नाही. माझी मुलगी वैशाली मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचते, मलाही वाचून दाखवते. ती म्हणते, आई, तू पण लिही की. मी लिहिते आहे, पण वहीत. कुठं पाठवायचं नाही. का पाठवायचं नाही, ते पुढं येईलच.

आमचं गाव आष्ट्यापासून पाच-सहा किलोमीटर आत. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. बाहेरची खोली मोठी, आतली स्वयंपाकाची, मागं एका म्हशीचा गोठा. आमचे मालक कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतात, म्हणून हंगामात ते घरी फार नसतात.

जट आली ती टायफॉईडनंतर. महिनाभर अंथरुणात होते, केसांना फणी लागली नाही, मागं एक गुंता झाला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन दिवस तेल घालून सोडवायचा प्रयत्न केला. मग गल्लीतल्या एका देवीच्या बाईनं बघितलं आणि सांगितलं की यल्लमा आली आहे, हात लावू नका. त्या दिवसापासून आत्याबाईंनी तेल सोडलं आणि जटेला हळद-कुंकू लावायला सुरुवात केली. गुंत्याची दोरी झाली, दोरीचा दोरखंड झाला, कमरेखाली आली. मंगळवारी-शुक्रवारी बायका पाया पडायला यायच्या. मला ते नको व्हायचं. मी आत जाऊन चुलीपाशी बसायचे, तर तिथं येऊन पाया पडायच्या.

नऊ वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या. जायच्या आधी त्यांनी माझा हात हातात घेऊन वचन घेतलं, की जटेला कातर लावायची नाही, लावली तर ती घरातल्या लेकराबाळाला भोवेल. मी वचन दिलं.

आता खरं सांगायचं तर ते वजन सोसत नव्हतं. पाठीवर झोपायचं मी विसरूनच गेले होते. मान डावीकडं कललेली. पावसात भिजली की जट दोन-दोन दिवस वाळायची नाही, वास यायचा, एसटीत मागच्या सीटवरचं माणूस उठून जायचं. त्या संक्रांतीआधीच्या दिवाळीपासून उजवा हात बधिर व्हायला लागला. भाकरी थापताना काठवटीत हात आहे का नाही कळायचं नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मानेतली शीर दबते आहे, हे ओझं उतरवा, नाहीतर हात जाईल.

आणि त्याच वेळी वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. वाईला दिलेली आहे ती. आठवा महिना. ती रोज मागं लागायची, आई, काढून टाक. मी म्हणायचे, तुझं होऊ दे सुखरूप, मग बघू. मनात भीती एकच होती. मी कातर लावायची आणि भोगायचं तिच्या पोटातल्या जिवानं... असं झालं तर हाताचं काय करायचं आहे मला?

अशात आमच्याकडं फिल्मवाली माणसं आली. तिघं होते. पुण्याच्या एक मॅडम, एक कॅमेरावाला आणि एक परदेशी गोरा, तो आवाज रेकॉर्ड करायचा. नाव योहान. जगातल्या वेगळ्या वेगळ्या चालीरीतींच्या माणसांकडं जाऊन, त्यांच्या घरात राहून, त्यांचं खायचं-प्यायचं खाऊन फिल्म करायची असं त्यांचं काम. आमच्याकडं यायच्या आधी ते कुठल्याशा देशात, मेलेल्या माणसाला घरात ठेवून रोज जेवण वाढणाऱ्या लोकांकडं राहून आले होते. हे ऐकून आमच्या शेजारच्या सुनंदावहिनी म्हणाल्या, "मग तुमाला आमचं काय नवल वाटणार वं?"

मॅडम मात्र चांगल्या होत्या. जट काढा म्हणाल्या नाहीत, ठेवा म्हणाल्या नाहीत. तुम्ही जसं जगता तसंच आम्ही दाखवणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आतल्या खोलीत आमच्याशेजारी झोपल्या. फक्त एकदा मला घागर घेऊन विहिरीवर चालत जायला सांगितलं. मी म्हटलं, घरात नळ आहे, विहिरीवर आता पंप चालू करायलाच माणूस जातो. तेव्हा त्या हसल्या आणि नळावरच कॅमेरा लावला. सुनंदावहिनी चार दिवस कुंपणापलीकडून बघत होत्या. मी भांडी घासायला बसले की म्हणायच्या, "हिरॉईन, जरा इकडं तोंड कर की."

योहान उंच होता, दारातून वाकून यायचा आणि तरी रोज चौकट लागायची. चार दिवसांत तो तीन शब्द शिकला — पाणी, बास आणि लय भारी. बास तो चौथ्या भाकरीला म्हणायचा. सकाळी तो माझ्या खांद्याशी, पदराखाली, बोटाच्या पेराएवढा एक माईक लावायला वैशालीकडं द्यायचा. स्वतः कधी अंगाला हात लावला नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसायचा.

शेवटचा दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. मला बाहेरच्या खोलीत पाटावर बसवून मॅडमनी शेवटचं विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? मी मान हलवली आणि त्या म्हणाल्या, राहू द्या.

मग त्यांनी सांगितलं, आता एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही, योहानला खोलीचा आवाज घ्यायचा आहे. मला हसू आलं. खोलीला कसला आवाज? पण त्यांच्या कामात तसं असतं म्हणे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती एक मिनिट भरून घ्यावी लागते, मग फिल्म जोडताना उपयोगी पडते. पंखा बंद केला. सगळ्यांचे मोबाईल बंद करून वैशालीनं मागं गोठ्यात नेऊन ठेवले आणि ती तिथंच उभी राहिली. म्हैस चरायला गेली होती. खोलीत मी, मॅडम, कॅमेरावाला आणि योहान. मॅडम माझ्यासमोर बसलेल्या, त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि माझा त्यांना.

योहाननं हात वर केला. शांतता. पत्रा तापल्याचा टक् असा एक आवाज आला, तेवढाच.

अर्ध्या मिनिटात त्यानं हात खाली आणला आणि इंग्रजीत काही बोलला. मॅडम मला म्हणाल्या, मावशी, बोलू नका हं, एकच मिनिट. मी म्हटलं, मी कुठं बोलले? मॅडमनाही नवल वाटलं, कारण माझे ओठ मिटलेले त्या बघतच होत्या. कॅमेरावाला बाहेर जाऊन बघून आला. गल्लीत कुणी नव्हतं.

परत हात वर. परत तेच. या वेळी योहान चिडला नाही, त्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं. तिसऱ्या वेळी त्यानं मला खुणेनं तोंडावर पदर धरायला सांगितलं. मी दोन्ही हातांनी धरला. खोलीत काहीही आवाज नव्हता, देवाशपथ लिहिते. पण त्याचा चेहरा मात्र कुणाचं तरी बोलणं ऐकणाऱ्या माणसासारखा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

मग हेडफोन काढला आणि मॅडमना इंग्रजीत विचारलं, त्यांनी मला मराठीत सांगितलं, की ही म्हातारी बाई कोण आहे? ती हिच्या पाठीमागं बसली आहे. हिच्या खांद्यावरच्या माईकमध्ये अगदी जवळून बोलते आहे. तिन्ही वेळा तेच बोलली.

माझ्या पाठीमागं भिंत होती.

मॅडमनी विचारलं, काय बोलली? त्यानं कागदावर त्याच्या अक्षरात लिहून घेतलं होतं. ते बघून, एकेक तुकडा जुळवत, तो म्हणाला, "चिमने... हालू नगं... कातर हाय हातात."

मी मागं वळून भिंतीला हात लावला. मग रडू आलं. कॅमेरा बंद होता, बरं झालं.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे केस दाट होते आणि त्यात उवा. आत्याबाई मला मागच्या दारी उन्हात बसवून डोकं बघायच्या, गाठी कापायच्या, टोकं सारखी करायच्या. मी चुळबूळ करायचे. तेव्हा त्या म्हणायच्या, चिमणे, हालू नगं, कातर हाय हातात. चिमणे असं त्या मला तेवढ्याच वेळी म्हणायच्या, आम्ही दोघीच असताना. वैशाली झाली आणि मी वैशालीची आई झाले, त्यानंतर ते नाव गेलं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं? वैशालीला माहीत नव्हतं. नंतर मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आई तुला चिमणी म्हणायची? मला तर वैशालीची आई एवढंच ठावं." ज्या माणसाला पाणी, बास आणि लय भारी येतं, त्याला हे कुणी सांगितलं?

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी योहानकडून तो कागद मागून घेतला. मी म्हटलं, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या, जट काढणाऱ्या ताई असतात ना सांगलीला, त्यांना आज बोलवता येईल का?

आत्याबाईंनी कातर लावायची नाही म्हणून वचन घेतलं होतं. आणि आता कातर त्यांच्याच हातात होती. मला आणखी कुणाला विचारायची गरज राहिली नव्हती.

ताई तीन वाजता आल्या. मॅडमनी हळूच विचारलं की शूट करू का? मी नाही म्हटलं. चार दिवस त्या म्हणतील तिथं बसले, उठले, चालले, पण हे नको होतं. त्यांनी लगेच कॅमेरा पेटीत घातला. योहान बाहेर कट्ट्यावर वैशालीला भुईमुगाच्या शेंगा फोडून देत बसला. आत मी, ताई आणि मॅडम. ताईंनी साधी कापडाची कात्री वापरली. करकर असा आवाज यायचा, सुंभ कापल्यासारखा. दीड तास लागला. मी जराही हलले नाही.

शेवटचा भाग सुटला तेव्हा माझी मान आपोआप वर गेली आणि मी मागं पडले असते, मॅडमनी धरलं. मानेला वारा लागला. चौदा वर्षांत लागला नव्हता.

ताईंनी निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मावशी, तुमचं मी खोटं म्हणत न्हाई. पण गावात सांगू नका. उद्या दुसरी बाई म्हणंल, माझी सासू न्हाई आली सांगायला, मग मी कशी काढू?"

त्यांचं बोलणं मला पटलं. म्हणून हे वहीत आहे. कुणी विचारलं तर मी मानेचं सांगते, हाताचं सांगते, सांगलीच्या डॉक्टरांचं सांगते. ते सगळं खरंच आहे. माझं ऐकून आमच्या शेजारच्या गावातल्या दोघींनी जट काढली.

तरी पुढचे अठरा दिवस मी जीव मुठीत धरून काढले, ते लपवत नाही. वैशालीला जरा कळ आली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडं धावायचे. एका दुपारी आष्ट्याच्या दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली. नर्सबाईंनी बाळ बाहेर आणून माझ्या हातात दिलं तेव्हा मी आधी तिचे हात-पाय बघितले, बोटं मोजली, मग रडणं ऐकलं. सगळं जिथल्या तिथं. वैशालीही बरी. मी तिथल्या बाकड्यावर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही. सुनंदावहिनी बरोबर आल्या होत्या. म्हणाल्या, "आता तरी घास खा की वं, दोन दिस झालं."

महिन्यानं मॅडमचा फोन आला. त्यांनी ते रेकॉर्डिंग मोठ्या मशीनवर लावून पुन्हापुन्हा ऐकलं होतं. तिन्ही वेळचं. त्यात काही नाही... माझा श्वास आहे आणि पत्र्याचा तो टक् आवाज आहे. योहानलाही त्यात काही ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी ऐकलं होतं, यावर तो ठाम आहे आणि त्याचा तो कागद मॅडमकडं आहे. फिल्ममध्ये हे घालणार नाही, म्हणाल्या, आम्ही दिसतं-ऐकू येतं तेवढंच दाखवतो, यात हे बसवायचं कुठं? मी म्हटलं, नकाच घालू.

मी पुष्कळ विचार केला. माझ्याच मनातलं काही त्याच्या कानात गेलं म्हणावं, तर मनातलं माईकमध्ये कसं जाईल? आत्याबाई खरंच आल्या म्हणावं, तर एवढी वर्षं मान कलत होती तेव्हा का आल्या नाहीत? मला काही सांगता येत नाही. मॅडमना नाही, ताईंना नाही.

त्या फोनवर शेवटी मॅडमनी विचारलं, ते एक मिनिट तुमच्या मोबाईलवर पाठवू का? मी नको म्हटलं. नात जागी झाली होती. तिला पाळण्यातून उजव्या हातानं उचललं, खांद्यावर घेतलं आणि फोन ठेवला.