चौथी डिस्क

सातपुड्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी मी आठ वर्षं रेकॉर्ड करत होतो. ती सगळी नंदुरबारच्या माझ्या खोलीत, चार हार्ड डिस्कच्या एका डब्यात होती. एका सकाळी त्यातली एक डिस्क बंद पडली. एकीवरचं बाकीच्या तिघींवरून पुन्हा उभं करता येतं; पण आणखी एक गेली असती, तर सगळंच गेलं असतं.

दुरुस्तीला विसरवाडीहून एक गृहस्थ आले. त्यांनी नवी डिस्क बसवली आणि डब्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून आतली घरघर ऐकत राहिले.

"किती वेळ लागेल?"

"तेस्ले घाई करू नका, भाऊ. तिन्ही मिळीसन चौथीले आठवी ऱ्हायन्यात."

दुपारभर आम्ही ती घरघर ऐकत बसलो. चहा निवून गेला. उन्हं उतरली तेव्हा डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

मी एक गाणं लावलं. गाणारी आजी उन्हाळ्यात वारली होती. त्या गृहस्थांना आजीची पावरी बोली येत नव्हती, तरी मान खाली घालून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हाई गाणं तिन्हा गावमा बी ऱ्हाऊ द्या," ते निघताना म्हणाले.

आठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. रविवारी डोंगर चढून गेलो आणि आजीच्या मुलीच्या मोबाइलवर ते गाणं टाकलं. ऐकता ऐकता तिची चूल विझली.