माझं लिव्हर, ह्यांची पूजा आणि एक गोळी

“लिव्हर बदलावं लागेल,” असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमचे मालक खुर्चीत ताठ बसून होते. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा काविळीचा विषाणू, ह्यांच्या अंगात किती वर्षं होता कुणास ठाऊक. ना दारू, ना तंबाखू. लातूरला भांड्यांचं दुकान अन् घर, एवढंच ह्यांचं जग. पोट फुगलं, पाय सुजले, तरी आम्ही आपलं पित्त पित्त म्हणत राहिलो.

माझा रक्तगट जुळला. माझी तपासणी झाली, मला लस दिली आणि हैदराबादला माझ्या लिव्हरचा भाग काढून ह्यांना बसवला. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर काही महिने ह्यांना इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं दिली, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिद्रव्यं. सोबत विषाणूला दाबून ठेवणारी एन्टेकॅविरची रोजची गोळी. ती जन्मभर.

घरी आलो तर भेटायला येणारा जो तो डॉक्टर. “रोगट लिव्हर काढून टाकलं की वहिनी, आता गोळ्या कशाला?” धाकट्या दिरानं अक्कल पाजळली. जुनं लिव्हर गेलं तरी विषाणू अंगात दडून राहतो अन् नव्या लिव्हरवर टपलेला असतो, हे मला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. “तुमच्या भावाच्या पोटात माझा माल हाय,” मी म्हणाले, “त्याचं मी बघते.”

गोळी एक दिवस चुकली नाही. पुढं नांदेडला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, “गोळी कशी घेता?”

मालकांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याबिगर हे पाण्याचा थेंबही तोंडात घेत नाहीत. “पूजा झाली की निरंकार पोटी गोळी, अन् वर लगेच दूध-भाकरी.”

“लगेच?” डॉक्टरांचा चेहराच बदलला. “अहो, गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास काही खायचं नाही. अन्न पडलं की ती पुरती अंगी लागत नाही.”

हैदराबादला हे सांगितलं होतं. पण ह्यांनी ‘उपाशीपोटी’ एवढंच धरून ठेवलं, अन् मीही गरम भाकरी वाढत राहिले. डॉक्टरांनी तिथंच रक्त घ्यायला लावलं. सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूची खूण दिसते का ते, आणि डीएनए टेस्ट, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते.

परतीच्या एसटीत मी ह्यांच्याशी बोलले नाही. राग आला होता, भीती त्याहून जास्त. सारखा हात टाक्यांकडं जायचा. एकदा दिलं, पुन्हा द्यायला माझ्याकडं नव्हतं. अहमदपूर गेल्यावर हेच म्हणाले, “उद्यापासून पहाटं उठतो. पूजा लवकर, गोळी लवकर, खाणं मग दुकानात.”

बोलल्याप्रमाणं वागले मात्र. शेजारचे दुकानदार सकाळी चहा धाडायचे, हे हात जोडून परत पाठवायचे. आमच्याकडं चहा नाकारणं म्हणजे भांडण विकत घेणं. ह्यांनी घेतलं.

मी मात्र हात बांधून बसले नाही. घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी केली, लस दिली. शहाण्या दिराला तर मीच दवाखान्यात नेलं. ताट-पेला वेगळा केला नाही, एकत्र जेवल्यानं हा आजार लागत नाही. तुमच्या घरी असं कुणी असलं तर गोळीच्या आगंमागं काय पोटात जातं, तेही डॉक्टरांना सांगा बाई. आम्हाला कुणी विचारलं नसतं तर कळलंच नसतं.

एका सकाळी मी डबा घेऊन दुकानात पोचले, तेवढ्यात ह्यांच्या फोनवर रिपोर्ट आला. अँटिजेन निगेटिव्ह. विषाणूचा डीएनए सापडला नाही. खाली डॉक्टरांचा निरोप होता, “या वेळी निभावलं. आता वेळ पाळा.” मी पातेल्यांच्या थप्पीशेजारी खाली बसले अन् गिऱ्हाइकांसमोर रडले. लई दिवसांनी मोकळं वाटलं.

मालक गल्ला सोडून माझ्याजवळ आले. “तुझी अमानत शाबूत हाय,” हळूच म्हणाले.

“अमानत परत मागायची असते,” मी म्हणाले. “ही मी दिलीय. तुमची हाय, तुम्हीच जगवा.”