कलमांचं वजन

आमची विहीर एप्रिलात तळ गाठते. काजूची चाळीस कलमं पावसापर्यंत तगवायची, तर कुठे ठेवली की त्यांना कमी पाणी लागेल, हे मला पक्कं कळायला हवं होतं. पानांवाटे पाणी उडतं हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. मोजलं मात्र कधी नव्हतं. म्हणून तीन सारखी कलमं घेतली. एक पडवीत, एक खळ्यात म्हणजे अंगणात, उन्हाला, एक समुद्राकडच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, भर वाऱ्यात. मातीतलं पाणी उडू नये म्हणून कुंड्यांची तोंडं प्लॅस्टिकने बांधली. सकाळ-संध्याकाळ काट्यावर ठेवायचं. वजन घटेल तेवढं पाणी पानांतून गेलं.

तिसऱ्या दिवशी गडग्यावरच्या कलमाचं वजन चक्क वाढलं! मी काट्याचे सेल बदलले, दुकानदाराला शिव्या घातल्या. मग आई दिसली. पाय धुऊन तांब्यात उरलेलं पाणी ती प्लॅस्टिकची दोरी सैल करून कुंडीत ओतत होती. आमच्याकडे उरलेलं पाणी फेकत नाहीत, कुठल्यातरी मुळाशी घालतात. पण इथेच?

"अगो, तोंड बांधून ठेवलंस, जीव घुसमटात तेचो."

माझं डोकंच फिरलं. शेजारी बाहेर येईपर्यंत ओरडले. "आये, मी सांगीपर्यंत ह्या झाडांका थेंब सुदीक घालू नको!"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, वजनांची वही आईकडे सोपवली आणि पेपर तपासायला कुडाळला गेले. दोन दिवसांचं काम आठवडाभर लांबलं. फोनवर रोज एकच विचारायचे, "वजन घेतलंस?" ती म्हणायची, "घेतलंय." मी खूश.

परत आले तर गडग्यावरचं कलम वाळून कोळ झालेलं. पानं हातात चुरली. वहीत आईच्या वाकड्या अक्षरात सगळे आकडे होते, एकही वेळ चुकली नव्हती, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी.

"सुकता तां दिसलां नाय तुका?" मी पुन्हा चिडलेच.

"दिसत होतां. दोनदा तांब्यो घेवन गेलंय नि परत इलंय. तू थेंब नको म्हणालंस."

उत्तर मिळालं होतं. पडवीतलं कलम हिरवंगार होतं. उरलेली सगळी मी तिथे हलवली, आणि ती जगली.

आता आई पाय धुऊन येते, स्वतः लावलेल्या अबोलीपाशीसुद्धा तांब्या धरून थांबते आणि मला विचारते, "घालू?"