आपोआप मिटणारं दार

मी भित्री आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. गॅस बंद केला होता ना, एवढं बघायला मी बसस्टॉपवरून घरी परत आलेली आहे, तेही एकदा नव्हे. नवरा चिडवायचा, म्हणायचा तुझ्या डोक्यात प्रत्येक गोष्टीचा शेवट इस्पितळातच होतो. असेल. ज्याच्या डोक्यात होत नाही त्याने खुशाल झोपावं, घरात एकाने तरी जागं राहायला हवं असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगळुरात, बसवनगुडीत सासरच्या भरल्या घरात राहायचो. नवऱ्याची कंपनी इलेक्ट्रॉनिक सिटीत होती. त्या वर्षी चांगलं काम केलेल्या लोकांना कंपनीने एम. जी. रोडजवळच्या एका मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहायचं कूपन दिलं. सासूबाईंच्या हे काही पचनी पडेना. गावात स्वतःचं घर असताना कुणी दुसरीकडे झोपायला जातं का, आणि शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचं? मग तोडगाही त्यांनीच काढला. समोरच्या अक्कांना त्यांनी आम्ही म्हैसूरला चाललोय म्हणून सांगून टाकलं. त्यामुळे रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखा चेहरा करून बसले होते.

खोली पाचव्या मजल्यावर होती. नवरा पलंगाच्या गादीवर हात दाबून बघत होता, आमची लेक पडद्यामागे लपत होती आणि मी नेहमीप्रमाणे धोके मोजत होते. लेकीला दोन वर्षं पुरी व्हायची होती. खिडकी घट्ट बंद होती, ते बरं झालं. दिव्याची वायर मी पलंगामागे सरकवली. मग बाथरूममध्ये भलामोठा टब दिसला. लेकीला पाण्याचं भारी वेड. पहिल्या संध्याकाळी तिला टबातून बाहेर काढताना तिने असा टाहो फोडला, की शेजारच्या खोलीतल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. काढल्यावरही ती दोनदा एकटीच तिकडे पळाली, आणि दुसऱ्या वेळी तर काठावर पोट टेकवून आत वाकलेली सापडली. बाथरूमचं दार कायम ओढलेलं राहिलं पाहिजे, अशी ताकीद मी नवऱ्याला दिली. तो सरी सरी, बरं बरं म्हणत झोपून गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नवरा लवकर उठून किल्ली खिशात घालून कब्बन पार्कात फिरायला गेला. लेक गाढ झोपली होती. ती उठली की लगेच आंघोळ घालावी म्हणून मी टबाचा नळ सोडला. टब मोठा, धार बारीक, भरायला वेळ लागणार होता. तेवढ्यात मला रांगोळीची आठवण झाली. निघताना सासूबाईंनी रांगोळीची डबी माझ्या पिशवीत घातली होती. रात्री जिथे झोपलो त्या घराचा उंबरा शुक्रवारी मोकळा ठेवू नये, मग ते घर दोन रात्रींचं का असेना, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. डबी घेऊन, नाइटीवर टॉवेल टाकून, अनवाणीच मी बाहेर आले.

बाहेर सगळीकडे गालिचा. गालिच्यावर कुठली रांगोळी? पण दाराला लागून हातभर दगडी पट्टी होती, तिच्यावर बसेल एवढं छोटं कमळ मी काढायला घेतलं. आमच्या घरचं दार सकाळी एकदा उघडलं की दिवे लागेपर्यंत उघडंच असायचं. ते कधी आपलं आपण मिटलं नव्हतं. शेवटची पाकळी काढत असताना पाठीमागे हलकेच खट् झालं.

आधी मी नुसती दाराची मूठ फिरवून पाहिली. मग खांद्याने ढकललं. मग आतून नळाचा आवाज ऐकू आला आणि मला सगळं एकदम कळलं. किल्ली कब्बन पार्कात होती, मी बाहेर होते, आणि आत माझी लेक, भरत चाललेला टब आणि बाथरूमचं उघडं दार. ते दार मी स्वतःच उघडं टाकून आले होते.

खाली जाऊन दुसरी किल्ली आणायची, एवढंच करायचं होतं. मी लिफ्टकडे चार पावलं गेले असेन, तेवढ्यात आतून हाक आली.

"आई?"

मी धावत परत आले. इथे आहे गं, दाराजवळ ये, म्हटलं. पावलं आली. दाराखाली बोटं जातील एवढी फट होती. मी जमिनीवर पालथी पडून बोटं आत सरकवली, तर तिने ती धरली. तिला तो खेळच वाटला. एकेक बोट ओढून ती हसत होती. मी चिऊताईची गोष्ट सुरू केली, आणि मला कळून चुकलं की आता मला इथून उठता येणार नाही. मी गेले की ती पाण्याकडे जाणार. गेले नाही तर दार उघडायला कोण येणार? कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. हाका मारायच्या, तर अशा ठिकाणी कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. मी एकदा हळूच "कुणी आहे का" असं म्हणून पाहिलं. इतकं हळू, की आज ते आठवलं तरी माझाच मला राग येतो.

तेवढ्यात नळाचा आवाज बदलला. आता पाणी पाण्यात पडत नव्हतं, काठावरून फरशीवर सांडत होतं. आतून लेक म्हणाली, "पानी." तिची पकड सैल झाली.

मग मात्र मी ओरडले. उठून दोन्ही मुठींनी दार बडवत, येईल त्या भाषेत, गळ्याच्या शिरा तुटेपर्यंत ओरडले. समोरच्या खोलीतले एक गृहस्थ दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन बाहेर आले. माझ्या बोलण्यातलं त्यांना किती समजलं कोण जाणे, पण ते आत फोनकडे धावले. मी पुन्हा खाली पडून फटीत बोटं घातली. बोटं कुणी धरली नाहीत. मी नाव घेऊन हाका मारल्या. आतून हुंदका नाही, पाऊल नाही, काही नाही. नुसतं पाणी. ती काठावर पोट टेकवून वाकली आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढचंही दिसत होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

हॉटेलचा एक माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिन्याने धापा टाकत आला. "स्वल्प ताळी, अक्का," म्हणाला, जरा थांबा म्हणून. दार उघडताच मी त्याला ढकलून बाथरूममध्ये घुसले. टब काठोकाठ भरून वाहत होता. त्यात कुणी नव्हतं. तळ दिसत होता तरी मी दोन्ही हात कोपरापर्यंत घालून चाचपलं.

ती पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सापडली. डोक्यावरून चादर ओढून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिला उचललं आणि आधी तळपाय पाहिले. कोरडे ठणठणीत. ती पाण्याकडे फिरकलीच नव्हती. क्षणभर ती लाकडासारखी ताठ राहिली, मग मला ओळखून तिने गळ्याला मिठी मारली. त्या माणसाने नळ बंद केला, फरशीकडे पाहून सुस्कारा टाकला आणि फडकी आणायला गेला. मी तिला विचारलं, माझी बोटं का सोडलीस? तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"गुम्मा आला," ती कुजबुजली. "बाहेल. ओलडला."

गुम्मा म्हणजे आमच्या बंगळुरातला बागुलबुवा. दार बडवणारा तो गुम्मा मीच होते.

नवरा आला तेव्हा मी पलंगावर बसून होते आणि ती मांडीवर होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो एकदाही चिडवून बोलला नाही. थोड्या वेळाने, खाली जाऊन गरम काहीतरी घेऊ या, असं म्हणाला. मी साडी नेसून तिला कडेवर घेऊन दाराकडे निघाले, तशी तिने माझा पदर दोन्ही मुठींत पकडला.

"जाऊ नको, आई," ती म्हणाली. "गुम्मा तुला नेईल."

मी दाराला आतून साखळी लावली. गुम्मा गेला, आता येणार नाही, असं तिला सांगितलं. आणि माझं अंग अजून कापतंय हे तिला कळू नये म्हणून तिला घट्ट धरून खोलीत येरझारा घालत राहिले.