डागकाकू आणि मोतिया सदरा

गल्लीत तिला सगळे डागकाकू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नवरा लिफ्टचा मिस्त्री. लग्न होऊन आली तेव्हा ग्रीस कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या सदऱ्यावरचा काळा लपका बघून तिनं त्यावर उकळतं पाणी ओतलं, दगडावर आपटून आपटून धुतला, कडक उन्हात वाळवला, वर इस्त्री फिरवली. सदरा फाटायला आला, डाग मात्र ठाण मांडून बसला. असे बरेच सदरे लादी पुसायला गेले तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. डाग निघायच्या आधी गरम काही दाखवायचं नाही, आणि पाणी तर सगळ्यात शेवटी.

मग गल्ली तिच्याकडे डाग घेऊन यायला लागली. कुणाचा सायकलच्या साखळीचा, कुणाचा भज्यांचा. पण तिचा एक नियम होता. डाग दाखवा, डाग काढून देते, बाकीचा कपडा ज्याचा त्यानं धुवावा. मी काही लाँड्री उघडलेली नाही, असं ती ठणकावून सांगे. पोटच्या पोरांनाही तिनं यात सूट दिली नाही, तिथं शेजाऱ्यांची काय कथा.

तर या मिस्त्रीचा कंपनीनं सत्कार ठेवला, जन्म लिफ्टच्या खड्ड्यात घातला म्हणून. आता निळ्या कामाच्या कपड्यांशिवाय याच्या अंगावर काही टिकलेलंच नाही. काकूनं धाकट्या भावाकडे सदरा मागितला. भाऊ एकटा राहायचा आणि कपड्यांच्या बाबतीत भारी नखरेल. पोरं त्याला इस्त्रीमामा म्हणत. कपडे कुणाच्या हाती द्यायचा नाही. साबणानं कापड मरतं म्हणून नुसत्या पाण्यातून काढायचा आणि घडी अशी घालायचा की तिच्यावर भाजी चिरावी. त्याचा मोतिया रंगाचा सदरा त्याला जीव की प्राण. तो काढून देताना त्यानं बहिणीला बजावलं, "ताई, यावर एक ठिपका जरी पडला, तर तुझ्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. मागं छत्रीची काडी मोडली म्हणून तो वर्षभर फिरकला नव्हता. माहेरचं म्हणावं असं तिला तेवढं एकच माणूस उरलेलं. रविवारी तो जेवायला आला नाही तर आमटी अळणी लागायची तिला.

सत्कार सकाळचा. मिस्त्री ऐटीत गेला. आणि झालं काय, तर सत्काराचे प्रमुख पाहुणेच लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट कंपनीची, इमारत कंपनीची, लाज पण कंपनीची. सगळे साहेब एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मिस्त्री कुणाला न सांगता जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. बाह्या सरसावल्या, पण पोट कुठं सरसावणार? पाहुणे खाली आले, टाळ्या झाल्या, मिस्त्रीचं नाव पुकारलं. तो स्टेजवर आला, पुष्पगुच्छ घेतला आणि पोटाशी जो धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दारातच काकूनं विचारलं, गुच्छाला एवढं कवटाळलंय कशाला? त्यानं बाजूला केला. पोटावर तळहाताएवढा काळाकुट्ट डाग. आणि संध्याकाळी भाऊ सदरा न्यायला येणार.

एरवी रागावली की ती भांडी आपटायची, या वेळी तेवढाही वेळ नव्हता. सदरा उतरवून घेतला, डागाखाली जुनं फडकं घातलं, चमच्याच्या पाठीनं वरचं ग्रीस खरवडलं. मग गोड्या तेलाची वाटी घेतली आणि बोळ्यानं डागावर तेलच लावलं. बनियनवर उभा असलेला मिस्त्री म्हणाला, अगं, आधीच तेलकट, त्यात आणखी तेल? तुम्ही लिफ्ट बघा, असं तिनं सुनावलं. ग्रीस तेलात सुटून खालच्या फडक्यात उतरत गेलं. फडकं बदलत, कडेकडून आत येत तिनं ते टिपलं. मग भांडी घासायचा पातळ साबण, जुना दातांचा ब्रश, हलका हात, आणि शेवटी कोमट पाणी.

डाग गेला. पुरता गेला. पण त्या जागी आता पांढरंशुभ्र ठिगळ दिसत होतं, आणि बाकीचा सदरा त्याच्याभोवती पिवळट.

"हा कसला डाग गं?" मिस्त्रीनं विचारलं.

"स्वच्छतेचा."

मग तिला आठवलं. सदरा घेताना दुकानात ती बरोबर होती. पांढराच घेतला होता भावानं. मोतिया वगैरे काही नव्हता, वर्षानुवर्षांचा घाम होता तो. मिस्त्रीनं सुचवलं, त्या ठिगळाला चहाचं पाणी लावून बाकीच्या रंगावर आणावं का. काकूनं पातेल्याकडे एकदा बघितलंसुद्धा. पण आयुष्यभर डाग काढलेल्या हाताला डाग पाडायचं जमेना. नियम गेला खुंटीवर. तिनं अख्खा सदरा बादलीत बुचकळला. पाणी असं निघालं की चहा वेगळा करायला नको.

संध्याकाळी भाऊ आला. सदरा हातात घेतला आणि परत पुढं केला. "ताई, हा माझा नव्हे."

काकूनं खालचं बटण दाखवलं. हिरव्या दोऱ्यानं त्यानंच शिवलेलं. आणि मग सरळ सांगून टाकलं, ग्रीस पडलं होतं, पोटावर, एवढं मोठं. भावानं सदरा दिव्यापुढं धरला, उलटा केला, वास घेतला. काकूचा जीव टांगणीला. मग तो अंगात घालून आरशापुढं उभा राहिला, एकदा समोरून, एकदा बाजूनं.

"ठिपका दिसत नाही तर पडला कसा म्हणायचा," एवढंच बोलला आणि पाटावर जेवायला बसला.

पुढच्या रविवारी तो भली मोठी पिशवी घेऊन आला. आत त्याचे सगळे सदरे. म्हणाला, ताई, यांच्यावरही ग्रीस पडलंय वाटतं, बघ जरा. काकूनं एकेक उलगडून बघितला. ग्रीस औषधालाही नव्हतं. डाग नाही तर धुणं नाही, नियम म्हणजे नियम, असं म्हणून तिनं पिशवी त्याच्याकडे सरकवली.

भावाचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा मिस्त्री कोपऱ्यातून उठला, कामाच्या पेटीतला ग्रीसचा डबा उघडला, त्यात करंगळी बुडवली आणि म्हणाला, "आणा ती पिशवी इकडे, पाहुणे. एकेक ठिपका देतो."