स्तामेंकाच्या दुधातली निळाई

नवरा देवाघरी गेला, मुलगा व्हिएन्नाला गेला, आणि डोंगरावरच्या घरात स्तामेंका आणि तिची गाय शारूल्या अशा दोघीच उरल्या. बाई जिभेने तिखट, पण दुधात पाणी घालणाऱ्यांतली नव्हे. तिचा कायमाक, म्हणजे खारवलेली साय, ताटात नसेल तर गावात लग्नाचं जेवण पुरं झालं असं कुणी म्हणत नसे.

त्या साली उन्हाळा कोरडा गेला. उन्हाने तडकलेल्या मक्याला बुरशी धरली, आणि तो मका खाणाऱ्या गाईंच्या दुधात बुरशीचं विष उतरू लागलं. डेअरीने यागोडा नावाची पोरगी तपासायला धाडली. तिच्याजवळ वीतभर डबी. दुधाचा थेंब काचेतल्या केसाएवढ्या वाटेने सोडायचा, जांभळा दिवा लावायचा. विष असलं की निळं चमकतं, आणि डबीचा बारका डोळा ते टिपतो.

स्तामेंकाचं दूध चमकलं.

दूध नेणारा रादोये गाडीला टेकून म्हणाला, "काय काकू, चोरून मका चारलास ना?"

"तुझ्या तोंडात घालते मका! माझी गाय कुरणातलं गवत खाते, तेही निवडून."

"आजी, उद्याही असंच आलं तर तुमचं दूध बंद करावं लागेल," यागोडा खालच्या आवाजात म्हणाली.

दूध बंद म्हणजे गाय विकणं आलं. मग त्या घरात भांडायचं तरी कुणाशी? चुलीवरची कॉफी उतू गेली तरी स्तामेंकाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी यागोडा आणि रादोये आले, पुन्हा तेच. पण म्हातारीचं तोंड बघून यागोडाचा पाय निघेना. "आजी, माझ्यासमोर धार काढा बरं."

धारेचं दूध थेट पेल्यातून डबीत गेलं, तर चमक नाही. तेच दूध फडक्यातून गाळून घातलं, तर निळं! तिघांनी फडक्याकडे पाहिलं. बगळ्यासारखं पांढरं.

"हे धुतलंत कशात?"

"नव्या पावडरीत, चांगलं चोळून चोळून. एरवी राखेच्या पाण्यात उकळते, पण ते पिवळट दिसतं. परकी पोर दारात येणार, तिच्यापुढे पिवळं फडकं धरू? नाक गेलं असतं माझं."

"अहो आजी, कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात ना, तेही या दिव्यात निळंच चमकतं."

रादोये हसून हसून खाली बसला. "काकू, तुझ्या टापटिपीनेच तुला बुडवलं असतं की!"

"तू हस. शेजारणीला सांगितलंस तर बघ."

ते दूध सांडून टाकलं. संध्याकाळी राखेच्या पाण्यात उकळलेल्या जुन्या फडक्यातून नवं दूध गाळलं, आणि डबी काळीठिक्कर राहिली. यागोडाने मान डोलावली. रादोयेने कॅन पुढे केला, पण स्तामेंकाने आधी पेला भरून पोरीपुढे धरला.

"आजी, मला दूध नाही आवडत."

"दोन दिवस माझा जीव टांगणीला लावलास. आता चांगलं म्हणतेस ना? मग पी."

यागोडाने नाक दाबून पेला रिकामा केला. तेव्हा कुठे डेअरीच्या कॅनमध्ये दूध पडलं.